मोहोरबंद बॅटरीचें आयुष्य

शिशाचे दोन पत्रे, त्यांमध्यें कापडाची पट्टी आणि ती सारी गुंडाळी पातळ गंधकाम्लांत बुडविलेली. एवढ्याच साहित्यांतून गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं पुन्हां पुन्हां भरतां येणारी बॅटरी बनविली. मात्र कामास लावण्यापूर्वीं ती पुष्कळ काळ भरावी नि रिकामी करावी लागे. १८८१ सालीं कामीय फोर यानें पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडाचा लेप दिला, तेव्हां हा खटाटोप बराचसा वांचला.

एक खोड मात्र राहिली. बॅटरी भरल्यावरही प्रवाह चालू ठेवला कीं अम्लांतील पाण्याचें विघटन होऊन प्राणवायु व हायड्रोजन निघून जात. म्हणून अधूनमधून टोपणें उघडून शुद्ध पाणी घालावें लागे; बॅटरी कलंडली तर अम्ल सांडे तें निराळेंच.

यावर जर्मनींतील झोनेनशाईन कारखान्यांतील ओटो याखे यांनीं १९५७ सालीं उपाय काढला. सिलिका मिसळून त्यांनीं अम्लाची घट्ट खळ केली. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील गेट्स कंपनीनें अम्लानें भिजविलेली काचतंतूंची गादी पत्र्यांमध्यें बसविली. दोन्ही युक्त्यांचें मर्म एकच. धन पट्टीवर निघालेला प्राणवायु खळीच्या भेगांतून किंवा गादीच्या छिद्रांतून ऋण पट्टीकडे जातो व तेथें त्याचें पुन्हां पाणी होतें. वरची झडप, वायूचा दाब फार वाढला तरच उघडते.

'देखभालीवांचून चालणारी' हें नांव येथूनच पडलें, आणि येथेंच घात झाला. पाणी घालावयाचें नाहीं म्हणजे कांहींच करावयाचें नाहीं, असा अर्थ लोकांनीं घेतला. वास्तविक झडपेवाटे गेलेलें पाणी परत घालण्याची सोयच नसल्यामुळें या बॅटरीला हयगय सोसत नाहीं. सतत जोडून ठेवलेल्या १२ व्होल्टांच्या बॅटरीस २५ अंश सेंटिग्रेड उष्णमानांत सुमारें १३.५ ते १३.८ व्होल्ट पुरतात. नेहमीं त्याहून अधिक मिळाले तर ती आंतून वाळते. उष्णमान १० अंशांनीं वाढलें कीं आयुष्य जवळजवळ निम्में होतें. विदर्भांतल्या वैशाखांत बंद कपाटांत कोंडलेल्या बॅटरीनें पांच वर्षें टिकावें, ही अपेक्षाच अन्यायाची.

दुसरा शत्रु प्लांतेच्या काळापासूनचा. वीज देतांना पट्ट्यांवर शिशाचें सल्फेट बसतें. लगेच भरल्यास तें विरतें. पण रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली तर त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि पट्टीचा तेवढा भाग निकामी होतो. न वापरलेली बॅटरीही हळूहळू रिकामी होत असते. यास्तव ती दर तीन-चार महिन्यांनीं भरावी, आणि विश्रांतींत १२.४ व्होल्टांखालीं उतरली असेल तर मुळींच वाट पाहूं नये.

रुग्णालयांतील आपत्कालीन दिवे आणि आगीची सूचना देणाऱ्या घंटा अशाच बॅटऱ्यांवर अवलंबून असतात, आणि बॅटरी मेल्याचें बहुधा वीज गेल्यावरच कळतें. नुसते व्होल्ट पाहून भागत नाहीं. जीर्ण बॅटरीही रिकाम्या तपासणींत पुरे व्होल्ट दाखविते. वर्षांतून एक-दोनदां मुद्दाम वीज तोडावी आणि दिवा किती मिनिटें जळतो तें घड्याळ लावून पाहावें.