युगांडा : हवामान, वन्यजीव व साहसी पर्यटन

पूर्व आफ्रिकेतील भूवेष्टित देश. क्षेत्रफळ सुमारे २,४१,००० चौ. किमी., म्हणजे महाराष्ट्रापेक्षा कमी. पूर्वेस केन्या, उत्तरेस दक्षिण सूदान, पश्चिमेस काँगो लोकशाही प्रजासत्ताक, नैर्ऋत्येस रूआंडा व दक्षिणेस टांझानिया हे देश आहेत. राजधानी कंपाला, आंतरराष्ट्रीय विमानतळ व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या एंटेबी येथे. देशाच्या दक्षिण भागातून विषुववृत्त जाते. पूर्व आफ्रिकेचा गवताळ सॅव्हाना प्रदेश आणि काँगो खोऱ्यातील वर्षावन यांची सांधेजोड याच भूमीत होते. त्यामुळे सिंह, हत्ती, जिराफ आणि गोरिला, चिंपँझी हे सारे एका देशात पाहायला मिळतात. हे वैभव निर्जन प्रदेशात नाही, तर दाट वस्तीच्या शेतकरी मुलखात टिकून आहे. जंगलाच्या काठावरच्या गावांना त्याचा लाभ मिळाला तरच ते पुढेही टिकेल, हा युगांडाच्या अनुभवाचा सारांश आहे.

भूरचना : देशाचा बराचसा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० ते १,२०० मी. उंचीचे पठार आहे. आग्नेयेस व्हिक्टोरिया सरोवर (उंची १,१३४ मी.), त्याचा सुमारे ४५ टक्के भाग युगांडात येतो. पश्चिम सीमेवर पूर्व आफ्रिकन खचदरीची पश्चिम शाखा असून तिच्या तळाशी ॲल्बर्ट, जॉर्ज व एडवर्ड ही सरोवरे आहेत. रुवेन्झोरी हा उंच उचलल्या गेलेल्या प्राचीन खडकांचा गट पर्वत, त्यातील मौंट स्टॅन्लीवरचे मार्गरीटा शिखर (५,१०९ मी.) देशातील सर्वोच्च आहे. पूर्व सीमेवरचा मौंट एल्गन (वागागाई शिखर, ४,३२१ मी.) आणि नैर्ऋत्येकडील विरुंगा रांगेतील मुहावुरा (४,१२७ मी.) हे मात्र ज्वालामुखी पर्वत होत. व्हिक्टोरिया सरोवरातून जिंजा येथे बाहेर पडणारी नाईल ॲल्बर्ट सरोवरापर्यंत पोहोचेस्तोवर जवळजवळ ५०० मी. खाली उतरते. नदीतले द्रुतवाह, मर्चिसनचा धबधबा, जलविद्युत धरणे आणि नौकाविहाराचा थरार या सगळ्यांचे मूळ या उतारात आहे.

हवामान : विषुववृत्तावर असूनही उंचीमुळे हवा सौम्य असते. कंपाल्यात किमान तापमान साधारण १७° से. व कमाल २८° से. राहते आणि वर्षभरात फारसा फरक पडत नाही. ऋतू ठरतात ते पावसावरून. दक्षिणेत दोन पावसाळे असतात : मोठा मार्च ते मे, तर दुसरा सप्टेंबर ते नोव्हेंबर. उत्तरेत ते एकमेकांत मिसळतात आणि साधारण एप्रिल ते ऑक्टोबर असा एकच लांब पावसाळा होतो. व्हिक्टोरिया सरोवराभोवती गडगडाटी पाऊस वारंवार होतो. सरोवराचे पाणी रात्री जमिनीपेक्षा उबदार राहते, काठावरची गार हवा सरोवरावर वाहते आणि पहाटे ढग दाटून येतात. ईशान्येकडील करामोजा हा याच्या अगदी उलट, कोरडा व वारंवार दुष्काळ सोसणारा प्रदेश असून तेथील लोक प्रामुख्याने गुरे पाळतात. रुवेन्झोरीच्या माथ्यावर रात्री दव गोठते. १९०६ साली तेथे जेवढी हिमक्षेत्रे होती, त्यांतील बहुतांश आज वितळून गेली आहेत.

वन्यजीव व राष्ट्रीय उद्याने : देशात १० राष्ट्रीय उद्याने असून १९९६ मध्ये स्थापन झालेले युगांडा वन्यजीव प्राधिकरण त्यांची व्यवस्था पाहते. मर्चिसन फॉल्स (१९५२) हे सर्वांत मोठे. तेथे नाईल सुमारे ७ मी. रुंदीच्या खडकाळ फटीत कोंडली जाते आणि ४३ मी. खाली कोसळते. सॅम्युएल व फ्लॉरेन्स बेकर या दांपत्याने १८६४ मध्ये हा धबधबा पाहिला व त्यास मर्चिसन हे नाव दिले. पारा येथून लाँच प्रवाहाविरुद्ध निघते. काठावर जबडे उघडून पडलेल्या मगरी, पाण्यात डोळे व कान तेवढे वर ठेवलेले पाणघोडे, पाणी प्यायला उतरलेले हत्ती पाहत जसजसे पुढे जावे, तसतसे पाण्यावर फेसाचे पुंजके वाढत जातात. धबधबा दिसण्याआधीच त्याची चाहूल या फेसावरून लागते. १९७०-८०च्या अराजकाच्या काळात येथील हत्तींची सर्रास शिकार होऊन हजारोंचे कळप काही शेकड्यांवर आले. त्यानंतर संख्या हळूहळू सावरली. २०१६ मध्ये काही जिराफ तराफ्याने नाईलपार नेऊन दक्षिण तीरावर सोडण्यात आले.

क्वीन एलिझाबेथ उद्यान (१,९७८ चौ. किमी.) जॉर्ज व एडवर्ड सरोवरांच्या मधोमध आहे. त्यांना जोडणाऱ्या सुमारे ३२ किमी. लांबीच्या काझिंगा कालव्यात पाणघोड्यांचे मोठे कळप आहेत. दक्षिणेकडील इशाशा भागातले सिंह उंबरवर्गीय झाडांच्या आडव्या फांद्यांवर चढून विसावतात. उद्यानाच्या हद्दीत मच्छीमारांची गावे असल्याने गुरे आणि सिंह यांचा संघर्ष कायमचाच आहे. २०१८ मध्ये येथे ११ सिंह विषबाधेने मेले. त्यांत ८ बछडे होते. ईशान्येकडील किडेपो खोऱ्यात चित्ता व शहामृग हे कोरड्या प्रदेशातील प्राणी आढळतात. कंपाल्यापासून त्यामानाने जवळ असलेल्या लेक म्बुरो उद्यानात झेब्रे, इंपाला आणि ईलंड पायी फिरूनही पाहता येतात. किबाले अरण्यात १३ जातींचे वानरवर्गीय प्राणी असून चिंपँझींच्या अभ्यासासाठी ते जगभर ओळखले जाते. गेंडे युगांडातून १९८० च्या दशकात नाहीसे झाले होते; २००५ पासून झीवा अभयारण्यात केन्या व अमेरिकेतून आणलेल्या पांढऱ्या गेंड्यांपासून त्यांची नवी पिढी वाढवण्यात आली.

पक्ष्यांच्या १,००० हून अधिक जातींची नोंद येथे झाली आहे. डोक्यावर सोनेरी तुरा मिरवणारा मुकुटधारी क्रौंच हा राष्ट्रीय पक्षी. एंटेबीजवळच्या माबांबा दलदलीत शूबिल हा मीटरभराहून उंच, राखी रंगाचा व लाकडी खडावेसारखी चोच असलेला पक्षी पपायरसच्या बेटांत मासे टिपण्यासाठी तासन्‌तास निश्चल उभा असतो. त्याचे दर्शन झाले की जाळ्यात मासे लागत नाहीत, अशी तेथल्या कोळ्यांची समजूत होती, आणि त्यापायी पक्षी मारलेही जात. आता तेच कोळी होड्या वल्हवत प्रवाशांना तो पक्षी दाखवायला नेतात.

पर्वतीय गोरिला : नैर्ऋत्येकडील ब्विंडी अरण्य १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले व १९९४ मध्ये त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार ब्विंडी व त्याला लागून असलेल्या काँगोतील साराम्ब्वे भागात ४५९ गोरिला होते. विरुंगातले ६०४ धरून जगातील एकूण संख्या १,०६३ भरली. २०१८ मध्ये या उपजातीची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात झाली. मोठ्या वानरांच्या बाबतीत असे सुधारलेले चित्र फार दुर्मिळ.

गोरिला पाहण्यासाठी वाहन चालत नाही. माग काढणारे पहाटेच निघतात आणि आदल्या दिवशी कुटुंब जेथे शेवटचे दिसले तेथे पोहोचतात. गोरिला दररोज संध्याकाळी पाने-फांद्या दुमडून नवी शय्या करतात. तिच्यातली विष्ठा किती ताजी, मोडलेल्या देठाचा चीक ओला की वाळलेला, यावरून कळप किती पुढे गेला हे माग काढणाऱ्यांना उमगते. मागून येणाऱ्या प्रवाशांना त्यांचा संदेश मिळतो. वाट अशी नसतेच. कोयत्याने वेली छाटत, निसरड्या उतारावर काठी रोवत, अंगाची आग करणाऱ्या खाजऱ्या पाल्यापासून हात वाचवत चालायचे. एका कुटुंबाकडे दिवसातून आठच प्रवासी आणि तेही एकच तास. १५ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. सर्दी-खोकला असलेल्यास मागे थांबवतात, कारण माणसाच्या श्वसनरोगांपुढे गोरिला हतबल असतो. १९९६ मध्ये ब्विंडीतल्या गोरिलांना खरूज झाली होती. तिच्यावर उपचार करणाऱ्या पशुवैद्य ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांनी पुढे २००३ मध्ये जंगलाकाठच्या गावांत लोकांचे आणि प्राण्यांचे आरोग्य एकत्र सांभाळणारी संस्था काढली. गावकरी निरोगी तर गोरिला निरोगी, हे त्यांच्या कामाचे सूत्र आहे.

या यशाची किंमत बाट्वा लोकांनी मोजली आहे. पिढ्यान्‌पिढ्या या अरण्यात शिकार व मध गोळा करून जगणाऱ्या या समाजाला उद्यान होताच बाहेर काढले गेले आणि बहुतेकांना जमीन मिळाली नाही. उद्यानांच्या प्रवेशशुल्कातील २० टक्के वाटा आसपासच्या गावांसाठी राखलेला आहे. शाळा, दवाखाने, रस्ते यांवर तो खर्च होतो. पण बाट्वांपर्यंत त्यातले फार थोडे पोहोचते, आणि हा अन्याय दूर झाल्याशिवाय ब्विंडीची यशोगाथा पुरी म्हणता येणार नाही. कोविडकाळात पर्यटन थांबले असताना, जून २०२० मध्ये, रफिकी हा एका गोरिला-कुटुंबाचा प्रमुख नर शिकाऱ्याच्या भाल्याने मारला गेला. आरोपीला ११ वर्षांची शिक्षा झाली. पर्यटनाचा आधार तुटला की जंगलावरचा ताण लगेच वाढतो, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

साहसी पर्यटन : रुवेन्झोरीची चढाई ही येथील सर्वांत खडतर मोहीम. १९०६ मध्ये इटलीच्या आब्रुत्सीच्या ड्यूकने या शिखरांवर पहिली यशस्वी चढाई केली. मध्यवर्ती परिक्रमेला साधारण आठवडा लागतो. वाटाडे व हमाल बहुतेक बाकोंझो समाजाचे असतात. खाली दाट वन, मग बांबू, त्यावर दाढीसारख्या दगडफुलांनी लगडलेली हेदरची झाडे, आणखी वर पुरुषभर उंचीचे लोबेलिया व सेनेसिओ, शेवटी खडक आणि हिम. मधल्या दलदलींत गुडघ्यापर्यंत चिखल असल्याने गिर्यारोहणाच्या बुटांइतकेच गमबूट लागतात. एल्गनची चढाई त्यामानाने सोपी; त्याच्या विस्तीर्ण ज्वालामुखीकुंडातून चालता येते आणि पायथ्याशी सिपीचे तीन धबधबे आहेत.

जिंजा हे नाईलवरील राफ्टिंगचे केंद्र. ओवेन फॉल्स (१९५४), बुजागाली (२०१२) व इसिंबा (२०१९) या धरणांखाली अनेक द्रुतवाह बुडाले. देशाला विजेची निकड आहे आणि नदीकाठी राफ्टिंगवर जगणारी कुटुंबेही आहेत. प्रत्येक धरणाने हा पेच नव्याने उभा केला. उरलेल्या टप्प्यात आजही कठीण श्रेणीचे द्रुतवाह आहेत. जिंजा येथेच महात्मा गांधींच्या अस्थींचा काही भाग १९४८ मध्ये नाईलमध्ये विसर्जित झाला. तेथे त्यांचे स्मारक आहे.

प्रवासाची तयारी : जून ते ऑगस्ट आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हे कोरडे महिने पदभ्रमण व प्राणिदर्शनासाठी उत्तम. पावसाळ्यात वाटा घसरड्या होतात, पण गर्दी कमी असते व स्थलांतरित पक्षी नोव्हेंबरपासून दिसतात. पीतज्वराची लस घेतल्याचे प्रमाणपत्र युगांडात शिरताना लागते आणि भारतात परततानाही दाखवावे लागते. हिवतापाचा धोका देशभर असल्याने आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मुंबई-एंटेबी थेट विमानसेवा २०२३ मध्ये सुरू झाली. वाहने भारताप्रमाणेच डावीकडून चालतात. परदेशी प्रवाशांसाठी गोरिलादर्शनाचा परवाना जुलै २०२४ पासून ८०० डॉलर आहे आणि तो बराच आधी काढावा लागतो. परवान्याखेरीज गावातला हमाल सोबत घेणे, स्थानिक वाटाड्याला योग्य मोबदला देणे, मुक्काम व खरेदी जंगलाकाठच्या गावातच करणे या साध्या गोष्टींनी पैसा थेट त्या घरांत पोहोचतो, जी घरे हत्तींनी तुडवलेले शेत सोसून हे प्राणी जगू देतात.