दायमाबादच्या रथावरचा कुत्रा

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. बालाघाटच्या उतरणी, हलकी जमीन, पश्चिमेकडून वाहणारी सीना आणि मैलोन्‌मैल उघडे माळरान. अशा मुलखात शेतीच्या जोडीने मेंढरांचा आधार असतो. दिवस मावळला की मेंढपाळांचा वाडा एखाद्या शेतात उतरतो. मेंढ्या वाघरीच्या आत जातात, कुत्री मात्र बाहेर राहतात, अंधाराकडे तोंड करून. त्या अंधारातून ज्याच्या येण्याची भीती असते, तो लांडगा त्यांच्याच कुळातला असतो.

कुत्रा आपले कूळ सोडून माणसाच्या बाजूला केव्हा आला?

शिकाऱ्याने लांडग्याचे पिल्लू उचलून आणले, पोसले आणि त्याचा कुत्रा झाला, ही कथा सर्वांना ठाऊक असते. ती गोड आहे, पण अपुरी आहे. माणसाळवलेले एक पिल्लू म्हणजे कुत्र्याची जात नव्हे. त्यासाठी शेकडो पिढ्या जाव्या लागतात. अनेक संशोधकांच्या मते पहिले पाऊल लांडग्यांनीच टाकले असावे. कमी बुजरे लांडगे शिकाऱ्यांच्या तळाजवळ टाकून दिलेल्या हाडामांसावर जगू लागले, तळाला त्यांच्या गुरगुरण्यातून धोक्याची सूचना मिळू लागली आणि पिढ्यान्‌पिढ्या निर्भयपणाची आपोआप निवड होत गेली. निवडीचा हा परिणाम किती वेगवान असू शकतो, हे रशियन शास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगातून दिसले. माणसाला न घाबरणाऱ्या कोल्ह्यांचीच पैदास करत गेल्यावर काही दशकांतच शेपटी हलवणारे, माणसाचे हात चाटणारे कोल्हे जन्मू लागले.

जर्मनीतील बॉन-ओबरकासेल येथे १९१४ मध्ये एक पुरुष, एक स्त्री आणि एक कुत्रा यांचे सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे एकत्रित दफन सापडले. त्या कुत्र्याच्या दातांवरील खुणांवरून अलीकडे असा निष्कर्ष निघाला, की पिल्लू असताना त्याला डिस्टेंपर हा जीवघेणा रोग झाला होता आणि तरीही ते काही आठवडे जगले. आजारी पिल्लू ना शिकारीच्या उपयोगाचे, ना राखणीच्या. तरी कोणीतरी त्याची शुश्रूषा केली होती. शेळी, मेंढी, गाय यांपैकी एकही जनावर तेव्हा माणसाने पाळलेले नव्हते.

आता दख्खनकडे वळू. जनुकीय अभ्यास सांगतात, की आजच्या कुत्र्यांचे पूर्वज लांडगे नामशेष झाले असून भारतीय लांडगा ही फार पूर्वीच वेगळी झालेली शाखा आहे. म्हणजे आष्टीच्या माळावरचा लांडगा हा वाड्यातल्या कुत्र्याचा आजोबा नव्हे, दूरचा भाऊबंद. (भाऊबंदकीचे वैर किती टिकते, हे या मुलखाला वेगळे सांगायला नको.) कुत्रा इथे आला तो बहुधा माणसाच्या सोबतीने, आधीच कुत्रा होऊन.

त्याचा महाराष्ट्रातील सर्वांत देखणा पुरावा आष्टीपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत सापडला. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबाद हे ताम्रपाषाणयुगीन स्थळ आहे. तेथे १९७४ मध्ये गावातील एका माणसाला खणताना चार भरीव धातुशिल्पे मिळाली: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ. चारही मिळून वजन साठ किलोंहून अधिक. रथात एक पुरुष उभा आहे, आणि रथाच्या दांडीवर, बैल आणि सारथी यांच्या मध्ये, एक कुत्रा उभा आहे.

ही शिल्पे शास्त्रशुद्ध उत्खननाच्या थरात न मिळाल्यामुळे त्यांच्या काळाविषयी वाद आहे. उत्खनक सां. अ. साळी आणि म. के. ढवळीकर यांनी ती उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची मानली. धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून दि. प्र. अग्रवाल यांनी शंका घेतली. परंतु शिल्पकाराचे एक म्हणणे वादातीत आहे. हत्ती आणि गेंडा स्वतंत्र उभे आहेत. कुत्र्याची जागा मात्र माणसाच्या गाडीवर आहे. बैलगाडीच्या पुढे-मागे धावणारा कुत्रा ज्याने खेड्यात पाहिला आहे, त्याला हे दृश्य परके वाटणार नाही.

घोड नदीकाठच्या इनामगावला (१९६८ ते १९८३) डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात गायीगुरे, शेळ्यामेंढ्या यांच्याबरोबर कुत्र्याचीही हाडे मिळाली. इथले लोक प्रामुख्याने सातू पिकवत. शेतकऱ्याच्या दारी राहायचे तर कुत्र्याला धान्यही पचवावे लागते. लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यांत पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती पुष्कळ अधिक असतात, हे २०१३ मधील एका संशोधनाने दाखवले. धनगराच्या कुत्र्याला मिळणाऱ्या भाकरीमागे एवढा मोठा जैविक बदल आहे.

पुढे या सोबत्याला प्रतिष्ठाही मिळाली. राष्ट्रकूट काळातील आतकूरच्या शिलालेखात (इ.स. ९४९-५०) मनलेर या वीराने राजाकडून बक्षीस म्हणून धन नव्हे, तर ‘काळी’ नावाची शिकारी कुत्री मागून घेतल्याची नोंद आहे. रानडुकराशी झुंजताना ती आणि डुक्कर दोघेही मेले, तेव्हा तिच्यासाठी हा दगड उभारला गेला. धनगरांच्या खंडोबाबरोबर घोड्याइतकाच कुत्राही असतो, आणि खंडोबाचे वाघ्ये नावाने वाघ असले तरी काही विधींत देवाचे कुत्रे होऊन भुंकतात.

मात्र हा इतिहास अजून संपलेला नाही. माळराने नांगराखाली आणि बांधकामाखाली जात आहेत, लांडगे थोडे उरले आहेत, भटकी कुत्री वाढली आहेत. पुणे जिल्ह्यातील माळरानावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीतून २०२३ मध्ये स्पष्ट झाले. ती पिवळसर रंगाची जनावरे लांडग्यांच्या कळपातच फिरताना दिसली होती.