पडद्याची कड आणि दर्शकाची धाव

संगणकाच्या पडद्यावरील एखादी कळ किती सहजपणे हाती लागते, या प्रश्नाचा माग माऊसच्या जन्मापूर्वीच्या एका प्रयोगापर्यंत लावता येतो. ओहायो स्टेट विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी तो १९५४ साली प्रसिद्ध केला. हातातील कांडीने दोन धातूच्या पट्ट्यांवर आळीपाळीने शक्य तितक्या त्वरेने टोले द्यावयाचे. पट्ट्यांमधील अंतर व त्यांची रुंदी मात्र बदलत राहावयाची. अंतर वाढले वा रुंदी घटली की वेळ अधिक लागतो, हे कोणीही सांगेल. फिट्स यांचे श्रेय असे की, हा वेळ अंतर व रुंदी यांच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिदमाप्रमाणे वाढतो, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे १९७८ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातील कार्ड, इंग्लिश व बर यांनी माऊसची परीक्षा घेतली, तेव्हा तेथेही हाच नियम लागू पडला.

परंतु प्रयोगातील पट्टी व पडद्याची कड यांत एक मूलभूत भेद आहे. पट्टीपलीकडे हात निसटला की ती चूक ठरे. दर्शक मात्र कडेपलीकडे जाऊच शकत नाही. हात कितीही पुढे रेटला तरी तो तेथेच थोपतो. म्हणून कडेला भिडलेल्या कळीची रुंदी, गतीच्या दिशेने पाहता, जणू अमर्याद होते आणि नेम धरून हात आवरता घेण्याचे कारणच उरत नाही. कोपऱ्यात तर हा लाभ दोन्ही दिशांनी मिळतो. ('कड' हा शब्द मराठीत शेवट सुचवितो, येथे तो शेवटच आधार झाला आहे.)

ॲपलच्या लिसा (१९८३) व मॅकिंटॉश (१९८४) या यंत्रांवर मेनूची एकच पट्टी पडद्याच्या माथ्याला चिकटलेली होती. फिट्स यांच्या नियमावरूनच ती तेथे बसविली, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल; तिचा लाभ मात्र याच नियमाने उलगडतो. ॲपलमध्ये दीर्घकाळ काम केलेले ब्रूस टोग्नाझिनी यांनी तो पुढे आग्रहाने प्रतिपादिला.

१९९५ च्या विंडोज ९५ मध्ये 'स्टार्ट' ही कळ डाव्या खालच्या कोपऱ्यात, म्हणजे अत्यंत सुलभ जागी होती. तथापि कळ व कड यांच्यामध्ये एक अरुंद किनार राहून गेली. दर्शक अगदी कोपऱ्यात नेऊन दाबले असता काहीच होत नसे. डोळ्यांना क्षुल्लक वाटणाऱ्या त्या किनारीने अमर्याद रुंदी पुन्हा कळीच्या मूळ मापावर आणली. पुढील आवृत्त्यांत कोपऱ्यातील दाबही त्या कळीचाच मानला जाऊ लागला.

स्पर्शाने चालणाऱ्या पडद्यावर हा आधार मुळातच नाही. बोट काचेबाहेर सहज निघून जाते. दोन पडदे शेजारी जोडले म्हणजे मधली कडही नाहीशी होते. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये कोपऱ्यांवर महत्त्वाची कामे सोपविलेली होती. तेव्हा अशा सामायिक कडेच्या कोपऱ्यांत दर्शक अडावा म्हणून काही पिक्सेलांची अदृश्य आडकाठी मुद्दाम उभारावी लागली.