लोहचुंबक आणि डोळा

डोळ्यांत रुतलेली लोखंडाची कपची काढणें आज अवघड असलें तरी असाध्य नाहीं. या विद्येच्या आरंभीं एका स्त्रीची कल्पना आहे, हें मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

१६२४ सालीं स्वित्झर्लंडांतील बर्न शहरीं एका माणसाच्या बुबुळावरील पारदर्शक पडद्यांत पोलादाची कपची शिरली. विल्हेल्म फाब्री हा त्या काळचा नामांकित शस्त्रवैद्य; पण त्याच्या हत्यारांना ती दाद देईना. तेव्हां शस्त्रक्रियेंत स्वतः निष्णात असलेल्या त्याच्या पत्नीनें, मारी कोलिने हिनें, लोहचुंबक लावून पाहण्यास सुचविलें. आणि कपची बाहेर आली.

ही कपची वरवरची होती. डोळ्याच्या गाभ्यांत शिरलेल्या कणाचा प्रश्न उरलाच. तेथें लोखंड गंजून हळूहळू दृष्टीचा घात करतें. १८७९ मध्यें बर्लिनच्या युलियुस हिर्शबर्गनें विद्युच्चुंबकानें असा कण बाहेर काढला. कांच वा तांबें चुंबकाला जुमानीत नाहीं. त्यांसाठीं आज सूक्ष्म चिमटे आहेत.

फाब्रीनें आपल्या ग्रंथांत या युक्तीचें श्रेय पत्नीलाच दिलें. तो गप्प राहिला असता, तर इतिहासानें ती त्याच्याच नांवावर मांडली असती. कपची निघाली ती तिच्या बुद्धीनें. तें आपणांस कळलें तें त्याच्या प्रांजळपणानें.