कानस आणि लेखणी

धर्मग्रामाच्या ह्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी काही लिहावे अशी आज्ञा झाली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आमच्या वर्गात कोणी पंडित निपजला नाही, की कोणी मोठ्या हुद्द्यास चढला नाही. सन १९७८ च्या मार्च महिन्यात तांत्रिक विषय घेऊन शालान्त परीक्षा उतरलेली आम्ही ह्याच धर्मग्रामातील मुले. आज आमचे केस पिकले आहेत. तथापि हाताच्या विद्येचा जो इतिहास आमच्या अंगावरून गेला, तो वाचकांपुढे ठेवणे हे आमचे कर्तव्य होय, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

इयत्ता आठवीपासून ठरलेल्या दिवशी आम्ही वर्ग सोडून कार्यशाळेत जात असू. तेथे पहिला धडा मिळाला तो लोखंडाच्या एका ओबडधोबड तुकड्याचा. तो व्हाइसमध्ये धरून कानशीने घासावयाचा आणि त्याची बाजू सपाट व काटकोनात आणावयाची. काम झाले असे वाटले की गुण्या लावून तुकडा खिडकीकडे धरावा. मध्ये उजेडाची बारीकशी रेघ दिसली की पुन्हा घासावे. तळहातांस फोड आले, ते फुटले, त्यांचे घट्टे झाले. पण रेघ काही जाईना! आमचे गुरुजी रागावत नसत. ते एवढेच म्हणत, "माझी समजूत घालू नका, गुण्याची घाला." निबंधात शब्दांची आरास करून अज्ञान झाकता येते, लोखंडात येत नाही, हे आम्ही तेथे शिकलो. पुढे रंधा, पटाशी, ऐरण व लेथ आली. परंतु सत्याचा पहिला पाठ त्या कानशीचाच.

घरी मात्र आमचे तेलकट कपडे पाहून वडील माणसे खिन्न होत. केळीच्या बागांत राबून ज्यांनी आम्हांस शाळेत धाडले, त्यांस वाटे, पोराने शिकून अखेर हातोडाच धरावयाचा काय? त्यांस दोष कसा द्यावा? लेखणी श्रेष्ठ व हत्यार कनिष्ठ, ही समजूत फार जुनी आहे. नाझरेथच्या गावकऱ्यांनी प्रभूस सुतार म्हटले, ते काही गौरवाने नव्हे.

ह्या समजुतीस ज्यांनी कृतीने उत्तर दिले, त्यांत इटलीतील तुरीन नगराचे संत जॉन बॉस्को अग्रगण्य होत. खेड्यांतून पोटासाठी आलेली मुले त्या नगरात गवंड्यांच्या, सुतारांच्या हाताखाली वाटेल तशी राबविली जात. बॉस्को ह्यांनी त्यांस केवळ उपदेश केला नाही, तर त्यांच्या वतीने करारपत्रे लिहविली. दिनांक ८ फेब्रुवारी १८५२ चे, चाळीस सेंटच्या मुद्रांकावरील एक करारपत्र प्रसिद्ध आहे. ज्युझेप्पे बेर्तोलिनो हा सुतार मालक आणि ज्युझेप्पे ओदासो हा शिकाऊ मुलगा. ज्युझेप्पे म्हणजे जोसेफ. तेव्हा गुरू व शिष्य दोघेही संत जोसेफांच्या नावाचे आणि धंद्याचेही! मालकाने दोन वर्षांत मुलास सुतारकाम शिकवावे. धंद्याबाहेरच्या कामास त्यास जुंपू नये. चूक झाल्यास प्रेमाने समज द्यावी, अन्य रीतीने नव्हे. रविवार व सण मोकळे ठेवावे. ठरलेली मजुरी द्यावी, अशी त्यातील कलमे आहेत. पुढे १८५३ साली त्यांनी आपल्याच आश्रयगृहात चांभारकाम व शिवणकाम ह्यांच्या कार्यशाळा काढल्या. १८५४ साली पुस्तकबांधणीची व १८५६ साली सुतारकामाची. मागाहून छापखाना व लोहारकामही आले. १९०६ साली त्यांचे सालेशियन अनुयायी भारतात तंजावर येथे येऊन पोहोचले.

आपल्या देशीही हा विचार नवा नाही. १८८२ च्या हंटर आयोगाने हायस्कुलात विद्यापीठाच्या वाटेबरोबर व्यवहारोपयोगी शिक्षणाची दुसरी वाट असावी, अशी शिफारस केली. १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली, तिच्या नावातही ज्युबिली आहेच. १९३७ साली वर्ध्यास महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा पुरस्कार केला, आणि १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला.

कायदा झाला, परंतु वागणूक? आमच्यापैकी काहीजण आयटीआय करून एका कारखान्यात उमेदवारीस लागले. तेथे कित्येक महिने त्यांच्या हाती यंत्राऐवजी झाडू व चहाची किटली आली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तुरीनच्या एका पोरासाठी जे कलम लिहिले गेले, ते आमच्या मुलांस लाभले नाही. काहीजण मुंबईच्या गिरण्यांत फिटर झाले आणि दिनांक १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यातून पुष्कळांची नोकरी परत आलीच नाही. त्या दिवसांत आमच्या सोबत्यांनी घराघरांतील विहिरींचे पंप दुरुस्त केले, दारे-खिडक्या बसविल्या, विजेच्या तारा ओढल्या. गिरणी गेली, पण हाताची विद्या हातीच राहिली. ज्या हातोड्याची घरास लाज वाटत होती, त्यानेच चूल पेटती ठेवली.

आता एक कबुली देणे प्राप्त आहे. इतके सोसून, इतके मिळवून, आम्ही आमच्या मुलांपैकी किती जणांस कार्यशाळेत धाडले? फारच थोड्यांस. त्यांच्या बोटांस तेल लागू नये म्हणून आम्ही झटलो. म्हणजे वडिलांची लाज आम्हीच पुढे चालविली! १९५५ साली पोप बारावे पायस ह्यांनी १ मे हा कष्टकरी संत जोसेफांचा सण म्हणून नेमिला. तो आम्ही दरवर्षी पाळतो. त्याचा अर्थ मात्र घरी नेत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांस हस्तव्यवसायांची ओळख करून द्यावी असे सुचविले आहे. आम्ही त्याची वाट पाहत बसणार नाही. आमच्यातील जे अजून हत्यार धरू शकतात, ते रविवारी मिस्सेनंतर ज्या मुलामुलींस इच्छा असेल त्यांस शिकविण्यास सिद्ध आहेत. आमचा धडा एकच राहील: लोखंडाचा एक तुकडा, एक कानस, आणि खिडकीतला उजेड.