क्षयरोगात फुप्फुसाला पोकळी का पडते?

थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे क्षयाने वारले, तेव्हा ते अवघे २७ वर्षांचे होते. त्यांच्या मातोश्री गोपिकाबाई नाशिक परिसरात राहिल्या. पंचवटीतील रामकुंडाच्या बांधकामाशी त्यांचे नाव जोडले जाते. त्या काळी ‘राजयक्ष्मा’ म्हटल्या जाणाऱ्या या रोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये दाखवून दिला. तेव्हापासून जंतूच फुप्फुस पोखरतो असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात या नासाडीत मोठा वाटा शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराचा असतो.

श्वासाबरोबर आत गेलेले जंतू महाभक्षी पेशी गिळतात, पण अनेकदा त्यांना मारू शकत नाहीत. मग इतर संरक्षक पेशी भोवती जमून गाठ तयार करतात. बहुतेकांच्या शरीरात जंतू असेच कोंडून राहतात आणि आजार कधीच होत नाही. काहींमध्ये मात्र गाठीचा गाभा मरून पनीरसारखा भुसभुशीत होतो. संरक्षक पेशींनी सोडलेली विकरे फुप्फुसाला आधार देणारे कोलॅजेनचे धागे तोडतात. गाभा श्वासनलिकेत फुटतो, खोकल्यावाटे बाहेर पडतो आणि मागे पोकळी उरते.

ही पोकळी जंतूच्या पथ्यावरच पडते. तिथे ऑक्सिजन भरपूर मिळतो, जंतू झपाट्याने वाढतात आणि प्रत्येक खोकल्यासरशी हवेत जातात. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णांत अशा पोकळ्या कमी आढळतात, हा याचा बोलका पुरावा. (त्यामुळेच त्यांचा एक्स-रे फसवा ठरू शकतो.)

जंतू मेल्यावरही झालेली इजा भरून निघतेच असे नाही. काहींच्या श्वासनलिका कायमच्या रुंद होतात, तिथे कफ साचतो आणि दुसरे जंतू ठाण मांडतात. त्यांच्याशी लढायला येणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची विकरे नलिकेची भिंत आणखी झिजवतात. सिस्टिक फायब्रोसिस या आजारात तर याच पेशी चिकट कफातला ऑक्सिजन वापरून संपवतात, असे दिसले आहे. स्यूडोमोनास हा चिवट जंतू तशा जागीही तग धरतो.

म्हणून क्षयाचे उपचार पूर्ण झाल्यावर खोकला राहिला, तर क्षय उलटलाच असे समजू नये आणि दुर्लक्षही करू नये. जुना व्रण एक्स-रेमध्ये वर्षानुवर्षे दिसतो. जंतू जिवंत आहे की नाही, ते थुंकीच्या तपासणीतून कळते. सरकारी रुग्णालयांत ही तपासणी मोफत होते.