घाटीखालची खाच

कुणाला शेंगदाणा बाधतो, कुणाला गांधीलमाशी, कुणाला पेनिसिलिन. जीभ, पडजीभ, स्वरयंत्र सुजू लागलं की पहिलं औषध ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. मग ऑक्सिजन, मग तोंडातून नळी. सुजेमुळे नळीही जाईना, की भूलतज्ज्ञाचं बोट गळ्याच्या घाटीवरून खाली घसरतं. घाटी आणि तिच्याखालचं क्रायकॉइडचं कडं यांच्यामध्ये एक खाच लागते. तिथे पातळ पडदा असतो आणि स्वरतंतू त्याच्या वर राहतात. पडद्याला छेद द्यायचा, त्यातून बूजी नावाची लवचीक काडी सरकवायची, बूजीवरून ६ मिलिमीटरची नळी. वरची सूज वरच राहते.

छेद जुनाच. फ्रान्सच्या विक द'आझीर यांनी तो अठराव्या शतकात सुचवला होता. पण १९२१ मध्ये फिलाडेल्फियाच्या चेव्हॅलियर जॅक्सन यांनी श्वासमार्ग आक्रसलेले २०० रुग्ण मांडले आणि त्यातल्या १५८ जणांचं खापर गळ्यात फार वर घेतलेल्या छेदावर फोडलं. जॅक्सन म्हणजे या विषयातला शेवटचा शब्द! छेद अर्धशतक वाळीत पडला.

छेदाचा बचाव म्हणून त्या काळच्या रुग्णांच्या घटसर्पाकडे बोट दाखवतात: घसा आधीच सुजलेला, छेदाचा काय दोष? मला हे अर्धंच पटतं. खरी गोम मोजणीत असावी. जॅक्सनांकडे यायचे ते आक्रसलेलेच; ज्याची जखम निमूट भरली, तो त्यांच्या दारात कशाला जाईल?

छेदाला परत आणलं ते हृदयशल्यचिकित्सकांनी, आणि ही उसनवारी मला सगळ्यात गमतीची वाटते. छातीचं हाड मधोमध चिरलेल्या रुग्णाला श्वासनळीत नेहमीच्या खालच्या जागी भोक पाडलं (ट्रेकिऑस्टॉमी), तर जंतूंनी भरलेला कफ थेट ताज्या जखमेकडे ओघळायचा. म्हणून डेन्व्हरच्या ब्रँटिगन आणि ग्रो यांनी भोक वर नेलं, थेट त्या बदनाम खाचेत. १९७६ मध्ये त्यांनी ६५५ रुग्णांचा हिशेब छापला. जॅक्सनांना धास्ती होती ते कायमचं आकुंचन त्यात नव्हतं.

घटसर्पवाल्यांचं एक मात्र मान्य करायला हवं. सुजलेल्या स्वरयंत्राखाली नळी दिवसेंदिवस राहिली, तर आकुंचनाचा धोका खराच. ॲलर्जीची सूज मात्र औषधांनी उतरते; नळी तोवरच लागते, आणि लांबलं तर ती खाली नेहमीच्या जागी हलवता येते.